रुंद चाकाची सायकल आणि आपली काळी माती

हल्ली चार-चार इंच रुंद टायरांच्या सायकली आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. त्या पाहून कित्येक विद्यार्थिमित्रांना मोह पडतो, तर वडीलधाऱ्यांना तो निव्वळ नखरा वाटतो. आमच्या मते मोह आणि उपहास या दोहोंपेक्षा विचार अधिक उपयोगी पडेल. कारण कमलनगरच्या परिसरात सायकल म्हणजे शाळा आणि घर यांना जोडणारा दुवा होय.

या सायकलीचा जन्म गरजेपोटी झाला. डनलॉपने १८८८ साली बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर पुढे आणला. परंतु भुसभुशीत बर्फात नेहमीचे चाक रुतून बसे. १९८० नंतरच्या दशकात अलास्कातील सायकलस्वारांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाके तयार केली. पुढे २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने अशी सायकल बाजारात आणली, आणि तेव्हापासून तिचा प्रसार झाला.

यातील तत्त्व आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. स्वार व सायकल मिळून ७० किलो वजन धरू. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब असेल, तर दोन्ही चाके मिळून सुमारे १७ चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतात. तोच दाब अर्ध्या किलोवर आणला, तर १४० चौरस सेंटिमीटर टेकतात. म्हणूनच उंट वाळूत रुतत नाही, आणि लोखंडी धावेच्या बैलगाडीपेक्षा टायरगाडी शेतात सुखाने चालते. मांजरेच्या वाळूवर किंवा भुसभुशीत मुरमावर हे चाक उत्तम चालेल, यात शंका नाही.

परंतु आपली मुख्य अडचण वाळू नव्हे, काळी माती आहे. पावसात ती फुगते, चिकटते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. चाक जितके रुंद, तितका चिखलही अधिक. येथे रुंदीपेक्षा चाक आणि चिमटा यांमधील मोकळी जागा महत्त्वाची ठरते. शिवाय डांबरी रस्त्यावर कमी हवेचे रुंद चाक ओढताना दम लागतो. आणि हवा फारच कमी असली, तर दगडावर आपटून रिम व ट्यूब दोन्ही दुखावतात.

काही उत्साही मित्र जुन्या सायकलीलाच असे टायर बसवू पाहतात. ते साधत नाही. चार इंची टायर साध्या चिमट्यात मावत नाही. साध्या सायकलीत पायडलांच्या आसाची नळी बहुधा ६८ मिलिमीटर रुंद असते. रुंद टायरच्या सायकलीत ती १०० मिलिमीटर ठेवतात, नाहीतर साखळी टायरला घासेल. म्हणजे सांगाडाच निराळा हवा. मात्र तारा भरणे, निपल आवळून चाकाचा आऊट काढणे, पंक्चर जोडणे ही विद्या दोन्ही सायकलींना सारखीच लागते, आणि ती शाळेत शिकविण्याजोगी आहे.

कर्नाटक शासनाने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सायकलींची योजना सुरू केली, हे स्तुत्यच होय. परंतु सायकल हाती आली तरी वस्तीवरची पाणंद चिखलाचीच राहिली, तर श्रावणात ती सायकल ओसरीवर उभी राहते, आणि तिच्याबरोबर एखाद्या मुलीचे शिक्षणही थांबते. मुलाला चिखल तुडवीत पाठविणारे पालक मुलीला मात्र घरी ठेवतात, हे आपण सारे जाणतो.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला ऐपत व हौस आहे, त्याने रुंद चाकाची सायकल खुशाल घ्यावी. शाळेने मात्र दोन इंचांच्या आसपास टायर असलेल्या आणि चिखलाला वाट देणाऱ्या साध्या सायकलींचा पुरस्कार करावा. एका खोलीत पाने, पंप व सुट्या भागांची सोय करून मुलामुलींना दुरुस्ती शिकवावी. आणि ग्रामपंचायतीकडे पाणंदींवर मुरूम टाकण्याची मागणी आपण सर्वांनी मिळून पावसाळ्यापूर्वीच करावी. मागणीचा अर्ज लिहिण्याइतके मराठी आणि कन्नड आपल्याला खास येते.