प्रेक्षक की पाहुणे?

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे फार जुन्या काळापासून म्हणत आले आहेत. आणि शाळेच्या वर्षक्रमात सहलीला जे मानाचे स्थान मिळते, ते याच समजुतीमुळे होय. परंतु केवळ गावोगाव फिरल्याने शहाणपण येत असते, तर आगगाडीचा डबा आपणां सर्वांहून शहाणा ठरला असता! डबा पुष्कळ हिंडतो, पण पाहत काहीच नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या सहली त्या डब्यासारख्या होत आहेत काय, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यातील मावळच्या सहलीने माझ्या मनात उत्पन्न केला, आणि तोच मी विद्यार्थिमित्रांपुढे व सुज्ञ पालकांपुढे मांडणार आहे.

त्या दिवशी आम्ही मळवली स्टेशनावर उतरून प्रथम भाज्याची लेणी पाहिली, नंतर गायमुख खिंडीने लोहगडवाडीस जाऊन लोहगड चढलो. दुसऱ्या दिवशी कार्ल्याचे लेणे व त्याच्या दाराशीच असलेले एकवीरा देवीचे मंदिर पाहून परतलो. गड उतरून वाडीत आलो, तेव्हा एका घराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध बाईंनी मुलांना पाणी दिले आणि कौतुकाने विचारले, ‘वर काय काय बघितलंत, लेकरांनो?’ आमच्यातील एक चुणचुणीत विद्यार्थी म्हणाला, ‘आजी, वर तर काहीच नाही, नुसते दगड आहेत.’ आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘दगड तर आमच्या दारातबी हायेत, बाळा. मग एवढा चढ कशापायी चढलास?’

मुले हसली, पण मला हसू आले नाही. दोष त्या मुलाचा नव्हता. दगडाला बोलते कसे करावे हे ज्यांनी शिकवावयाचे, त्या आम्हा शिक्षकांचा तो दोष होता.

वस्तुतः या दोन-तीन कोसांच्या टापूतील दगड जितके बोलके आहेत, तितके फार थोड्या ठिकाणी असतील. भाज्याच्या डोंगरात २२ लेणी आहेत, आणि त्यांतील चैत्यगृह ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचे अष्टकोनी खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवीत. कारागिरांनी दगडात काम करतानाही ती सवय सोडली नाही. जवळच १४ स्तूपांचा समूह असून त्यांपैकी काहींवर तेथे राहिलेल्या स्थविरांची नावे आहेत. एका पाण्याच्या टाक्यावर महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याने ते टाके दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एकंदर ३७ खांब आहेत, आणि वरच्या कमानीच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. तेथील लेखांवरून कळते की, मुखाचा काही भाग धेनुकाकट नावाच्या गावच्या सिंहदत्त या सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याने दिला. दरवाजाचे काम त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. आणि कित्येक खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणविणाऱ्या परकीयांनी, दिले. बुद्धाच्या उपासनेसाठी खोदलेल्या त्या लेण्याच्या तोंडाशी आज एकवीरेचे मंदिर आहे, आणि चैत्रातील यात्रेला कोळी, आगरी आणि इतर अनेक कुळांतील भाविक तेथे लोटतात.

लोहगडाचीही तीच कथा. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाजांतून वळणे घेत वर गेले की प्रथम दर्गा लागतो, पुढे शंकराचे देऊळ लागते, आणि त्याहून पुढे नाना फडणवीसांनी बांधविलेले तलाव दिसते. हा गड शिवाजी महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिला, १६७० साली परत घेतला, आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. एवढे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत असते. परंतु याच गडाच्या कड्यातील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक जैन लेख २०१९ साली उजेडात आला, आणि त्याचा आरंभ अर्हंतांच्या वंदनाने होतो, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. ज्या दगडांना आम्ही ‘नुसते दगड’ म्हणालो, त्यांची गणना सर्व जगाच्या ठेव्यांत झाली आहे.

आता एक गोष्ट सांगतो; ती सांगताना मला संकोच वाटतो. गडावरील तलावाच्या काठी आमच्या एका विद्यार्थ्याने अणकुचीदार खडा उचलून चिऱ्यावर आपले नाव कोरावयास आरंभ केला. मी त्याचा हात धरला, परंतु रागे भरू शकलो नाही. कारण त्याच्याच वयाचा असताना मीही एका गडावर तेच केले होते, आणि त्या पराक्रमाचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटत असे. कायदा काय म्हणतो, हे मी त्याला सांगू शकलो असतो. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली सुधारणा झाली आहे. त्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु कार्ल्याच्या खांबांपुढे उभे राहिल्यावर मला त्याहून चांगले उत्तर सापडले, आणि तेच मी त्याला दुसऱ्या दिवशी दाखविले. सामी सुताराचे नाव दोन हजार वर्षे तेथे आहे, कारण त्याने तेथे दरवाजा घडविला. सिंहदत्ताचे आहे, कारण त्याने दान दिले. त्यांनी आधी काही दिले, मग नाव लिहिले. आपण काही न देता नाव लिहू पाहतो. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीवर आपले नाव लिहून निघून जावे, असे कोणत्या घरी चालते?

माझे म्हणणे या एका शब्दात आले आहे. सहलीला जाणाऱ्याने प्रेक्षक होऊ नये, पाहुणे व्हावे. प्रेक्षक पैसे टाकतो, पाहतो, कंटाळला की उठतो. त्याचे कोणाशी नाते नसते. पाहुणा दारात थांबतो, घरची रीत विचारतो, वडीलधाऱ्यांची ओळख करून घेतो, आणि निघताना घर आले तसे ठेवून निघतो. लेणे, देऊळ, दर्गा व गड ही सर्व कोणाची ना कोणाची घरे आहेत. काहींचे यजमान शेकडो वर्षांपूर्वी गेले, काहींचे आजही सकाळ-संध्याकाळ दिवा लावतात.

येथे मला काही पालकांच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सहलीनंतर शाळेकडे दोन पत्रे आली. ती निरनिराळ्या धर्मांच्या घरांतून आली होती, परंतु दोहोंचा आशय बहुतेक एकच होता. मुलांना इतिहास दाखवा. दुसऱ्यांच्या पूजास्थानी पादत्राणे काढून उभे करू नका, त्याने त्यांची स्वधर्मावरील निष्ठा ढळेल. पत्रे कळकळीने लिहिली होती, म्हणून त्यांचे उत्तरही आदराने दिले पाहिजे. आपल्या मुलाने आपल्या श्रद्धेत वाढावे, असे वाटणे हा पालकांचा हक्कच आहे. आणि कोणाही विद्यार्थ्याला नमस्कार, प्रार्थना किंवा प्रसाद यांची सक्ती होता कामा नये, याविषयी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

परंतु मान देणे आणि पूजा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पादत्राणे काढणारा ‘हा देव माझा आहे’ असे म्हणत नाही. ‘हे स्थान तुम्हाला पवित्र आहे हे मी जाणतो’ इतकेच तो म्हणतो. जळत्या झुडपापुढे मोशेला पायांतील जोडे काढण्याची आज्ञा झाली, हे आमच्या शाळेतील लहान मुलेही जाणतात. आफ्रिकेतील इथिओपिया, ज्याला आपले पूर्वज हबसाण म्हणत व जेथील हबशी वंशाच्या सिद्दींनी आपल्या कोकणात जंजिऱ्यावर राज्य केले, तो फार प्राचीन ख्रिस्ती देश आहे. त्याची राजधानी आदिस अबाबा येथे जाणारा प्रवासी तेथील ख्रिस्ती मंदिरांत शिरताना जोडे दाराबाहेर काढतो, आणि तेथील स्त्रिया पांढरी सुती ओढणी डोक्यावरून घेऊन प्रार्थनेस येतात. ही रीत आपल्या देवळाची किंवा मशिदीची वाटेल, पण ती त्या ख्रिस्ती जनांची स्वतःची आहे. युरोपातून जाणारा पाहुणाही तेथे जोडे काढतो. त्याने त्याचा धर्म बदलत नाही.

दुसरे उदाहरण पौलाचे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात तो अथेन्स नगरीत येतो. तेथील मूर्ती पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले, हे खरे. तथापि तो डोळे मिटून निघून गेला नाही. तो नगरात फिरला, लोकांची पूजास्थाने लक्षपूर्वक पाहिली, एका वेदीवरील लेख वाचला, आणि नगरवासीयांशी बोलताना त्याच लेखापासून आरंभ केला. ज्याची निष्ठा दृढ असते, त्याला दुसऱ्याचे दार पाहण्याचे भय वाटत नाही. मुंबईच्या स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन, ज्यांचे नाव विल्सन कॉलेजास आहे, त्यांनी १८५० साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांविषयी विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक असून बौद्ध, ब्राह्मणी व जैन लेण्यांच्या अभ्यासात त्यांनी श्रम केले. पुढे जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जेम्स बर्जेस यांच्यासह या लेण्यांतील लेखांचा संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला. विल्सन, बर्जेस किंवा भगवानलाल यांपैकी कोणीही त्या लेण्यांचा उपासक म्हणून तेथे गेला नव्हता. भिन्न श्रद्धांच्या माणसांनी शेजारी बसून दगड वाचले, म्हणून आज आपल्याला सामी सुताराचे नाव माहीत आहे.

कोणी म्हणेल, आजकाल सर्व चित्रे मोबाइलवर दिसतात. मग प्रत्यक्ष जाण्याची आवश्यकता काय? चित्र आपल्याला वस्तू दाखविते. परंतु चित्रापुढे आपल्याला कसे वागावे याचा विचार करावा लागत नाही. भाज्याच्या चैत्यगृहात आवाज घुमतो, म्हणून टाळ्या पिटाव्या की गप्प राहावे, हा निर्णय तेथे उभ्या असलेल्या मुलालाच करावा लागतो. शिक्षण त्या निर्णयात आहे. पावसाळ्यातील एखाद्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जी झुंबड, जो आरडाओरडा आणि खाऊच्या पुड्यांचा जो कचरा दिसतो, तो निरक्षरांनी केलेला नसतो. तो आपल्यासारख्या शाळा-कॉलेजांत शिकलेल्यांचा असतो. पुस्तके वाचूनही हे शिकता येत नसेल, तर ते शिकविण्याची जागा सहलच होय.

म्हणून पुढील सहलीसाठी माझी सूचना अशी आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील एका दात्याचे, कारागिराचे किंवा घटनेचे टिपण करावे, आणि ते त्या जागी उभे राहून इतरांस वाचून दाखवावे. दिवसाला चार स्थळे ‘उरकण्या’ऐवजी दोन पाहावी. प्रत्येक पूजास्थानाच्या दारात थांबून तेथील रीत विचारावी. ज्याला आत जावयाचे नसेल, त्याने बाहेर शांतपणे उभे राहावे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. दुपारचे जेवण डब्यातून न नेता गडाखालच्या वाडीत पिठले-भाकरी सांगून घ्यावी. त्याने चार घरांस दोन पैसे मिळतात, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत हा गड उन्हापावसात उभा आहे, त्यांच्याशी मुलांचे बोलणे होते. पालकांनीही मुले घरी परतल्यावर ‘मजा आली का?’ एवढेच न विचारता ‘कोणाला भेटलास? काय वाचलेस?’ असे विचारावे. घरी हे प्रश्न होऊ लागले, म्हणजे शाळेतील सहलीही सुधारतील.

पुढील हिवाळ्यात आम्ही पुन्हा लोहगडवाडीस जाणार आहोत. ज्याचा हात मी धरला होता, तो विद्यार्थी तेव्हा दहावीच्या वर्गात असेल, आणि सामी सुताराविषयी टिपण वाचण्याचे त्याने आपण होऊन मागितले आहे. त्या ओट्यावर त्या आजी पुन्हा भेटोत, आणि ‘काय बघितलंत?’ म्हणून पुन्हा विचारोत, एवढीच इच्छा आहे. या खेपेस उत्तर द्यावयास आमच्या मुलांना थोडा अधिक वेळ लागला, आणि पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत ती बोलतच राहिली, तर आमची सहल सफळ झाली असे मी समजेन.

— एक शिक्षक