कारागिराची गाडी

पूर्वी गावात न्हावी यायचा तो काखेत धोकटी मारून. सुताराकडे हत्यारांची पेटी असे, गवंड्याच्या खांद्यावर गोणपाटाची पिशवी. तेवढ्यावरून माणूस लांबून ओळखू यायचा. आज प्लंबर, वायरमन, सुतार, एसी दुरुस्त करणारे, या सगळ्यांची धोकटी चाकांवर गेली आहे. ही गाडी कशी निवडावी आणि आतून कशी लावावी, यावर एका निवृत्त मास्तराने लिहावं याचं काहींना हसू येईल. पण माझे कितीतरी विद्यार्थी आज हेच काम करतात आणि गाडी घ्यायच्या आधी भेटून जातात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

‘टेम्पो’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो मराठीच वाटतो. मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिच्या तीनचाकीमुळे हे नाव गावोगाव पोचलं. २००५ मध्ये त्या कंपनीने आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आणि त्याच वर्षी टाटांची एस बाजारात आली. लोकांनी तिला लगेच ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. बंद गाडी हवी असणाऱ्यांसाठी मारुतीची ओम्नी होती. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण २०१० मध्ये आलेली ईको आज तिची जागा चालवते.

आता यातली कोणती घ्यावी? माझं मत साधं आहे. आधी महिनाभर वहीत लिहून ठेवावं की रोज काय काय नेलं, किती वजनाचं, किती लांबीचं. गाडीच्या शोरूममध्ये त्यानंतरच पाय ठेवावा. नळाच्या गळत्या काढणाऱ्याला हत्तीची गरज नसते. त्याला पाऊस आणि चोर यांपासून सामान वाचवणारी, कुलूप लागणारी बंद गाडी हवी. सिमेंटची दहा पोती म्हणजे पाचशे किलो. ती रोज नेणाऱ्याला उघड्या हौद्याची गाडीच बरी. लोखंडी पाइप साधारण सहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ वीस फुटांचा. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. म्हणजे पाइप कापून न्यायचा, की दुकानदाराला थेट जागेवर पाठवायला सांगायचं, हे गाडी घेण्याआधीच ठरलेलं बरं. सीएनजी स्वस्त पडतो हे खरं, पण त्याची टाकी जागाही खाते आणि वजनही.

पिवळ्या पाटीच्या गाडीला मुलं उगाच घाबरतात. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. फिटनेस आणि योग्य विमा मात्र हवाच. तिथे काटकसर करू नये.

गाडी आली की खरी परीक्षा सुरू होते. थोडं गणित करू. पान्हा शोधायला, एल्बो सापडेना म्हणून पुन्हा दुकानात जायला, दिवसाची वीसच मिनिटं गेली असं धरा. महिन्याच्या पंचवीस दिवसांची झाली पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त. महिन्यातला एक पूर्ण दिवस शोधाशोधीत गेला! त्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही, गाडीचा हप्ता मात्र त्या दिवसाचाही कापला जातो.

म्हणून जड वस्तू खाली, रोजची हत्यारं दाराजवळ, बारीकसारीक सुटे भाग कप्प्यांच्या डब्यात. डब्यावर नाव लिहावं, आणि मराठीतच लिहावं, म्हणजे हाताखालच्या पोरालाही सापडेल. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तू जागेवर. आणि चालकाच्या पाठीमागे मजबूत जाळी हवीच. शाळेत जडत्व शिकवतात ते आठवा: ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, मागचं सुटं सामान थांबत नाही. ताशी पन्नासच्या वेगात निघालेली ड्रिल मशीन मानेवर बसली तर काय होईल हे मी सांगायला नको.

आता दोन शब्द आपल्यासारख्या, घरी बसून कारागिराची वाट पाहणाऱ्यांसाठी. ‘कामगारांची वाहने आत आणू नयेत’ अशा पाट्या अनेक सोसायट्यांच्या फाटकावर दिसतात. पाहुण्याची मोटार आत येते, नळ दुरुस्त करायला आलेल्याची गाडी रस्त्यावर थांबते. मग तो वीस किलोची पिशवी खांद्यावर घेऊन चार खेपा घालतो, आणि आपण म्हणतो, फार वेळ लावला बुवा! बाहेर उभ्या गाडीतून हत्यारं चोरीला गेली तर त्याचा महिनाभराचा रोजगार बुडतो. त्याची गाडी हेच त्याचं दुकान आहे. दुकान उघडं टाकून आमच्याकडे या, असं आपण एखाद्या व्यापाऱ्याला सांगू का?

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो. प्रथा चांगलीच आहे. पण वर्षातून एका दिवसाच्या पूजेपेक्षा रोज संध्याकाळी पुसून जागेवर ठेवलेला पान्हा मला जास्त मोलाचा वाटतो. आणि त्या पान्ह्याच्या मालकाला फाटकाच्या आत गाडी लावायला चार हात जागा देणं, हे आपल्या वाटणीचं काम. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढून पाहा.