ताट सरकारी, सोवळे कुणाचे?

७ जुलै २०२२ रोजी पंतप्रधानांनी वाराणसीत अक्षय पात्र फाउंडेशनच्या मध्यान्ह भोजन स्वयंपाकघराचे उद्घाटन केले. क्षमता सुमारे एक लाख मुलांची. मुले जेवतात, याचा मला आनंदच आहे. पण धान्य सरकारी, कमी पडणारा पैसा दात्यांचा आणि पथ्य मात्र संस्थेचे: कांदा-लसूण नाही, अंडे नाही. रक्तक्षय दलित-आदिवासी मुलांत जास्त. त्यांना हे सोवळे परवडणारे नाही.

खासगी पैसाच वाईट, असे मी म्हणत नाही. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०२४ पासून शाळांना आठवड्यातले आणखी चार दिवस अंडी दिली. अंडे न खाणाऱ्याला केळे किंवा चिक्की.

प्रश्न रांधणाऱ्या हातांचाही आहे. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. दलित बाईच्या हातचे सगळ्यांनी एका पंगतीत खाणे हा जातीवरचा घाव होता. बंद डब्यांतून अन्न आले की तो हातच दिसेनासा होतो.

शाळेच्या खिचडीवर शिकून पदवीधर झालेल्या मित्रमैत्रिणींनो, २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण हक्काचे केले आहे. दात्याचे आभार मानू. पण ताटात काय असावे आणि ते कुणी रांधावे, हे दात्याला ठरवू देऊ नका.