काळा चंद्र दहा वर्षे उशिरा उगवला

धागा. या मालिकेत आपण शिलालेख, सनदा, बखरी वाचतो. आज एक ध्वनिमुद्रिका ऐतिहासिक साधन म्हणून वाचायची आहे : 'एमर्सन, लेक अँड पामर' या इंग्लिश त्रिकुटाची १९९२ सालची 'ब्लॅक मून'. ती निराशाजनक आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. निराशेचे जे कारण सर्वत्र सांगितले जाते, ते मात्र मला मान्य नाही.

प्रथम पूर्वपीठिका. १९७० साली स्थापन झालेल्या या त्रिकुटाने रॉक संगीताला सिम्फनीचा विस्तार दिला. 'टार्कस' (१९७१) ही रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. १९७३ मधील 'कार्न ईव्हिल ९' जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. कीथ एमर्सनचा ऑर्गन आणि सिंथेसायझर तेथे गिटारचे सिंहासन बळकावून बसले. १९७८ च्या 'लव्ह बीच'नंतर मंडळी पांगली.

चौदा वर्षांनी 'ब्लॅक मून' आली. बहुतेक गाणी चार ते सहा मिनिटांची, ढोलाचे ठोके सरळ, ध्रुवपद लगेच हाती लागणारे. प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे रूपांतर त्यात आहे आणि 'चेंजिंग स्टेट्स'मध्ये जुना एमर्सन क्षणभर जागा होतो. बाकी सारे नीटनेटके. एमर्सनसारख्या वादकाला नीटनेटके म्हणावे लागणे, हीच खरी शोकांतिका!

रसिकांचा निवाडा ठरलेला : 'हे बाजाराला विकले गेले.' इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारावा. कोणत्या बाजाराला?

पामर १९८२ मध्ये 'एशिया' या वाद्यवृंदात होता. त्यांची पहिली तबकडी अमेरिकेत अग्रस्थानी गेली. १९८३ च्या अखेरीस टोकियोतील मैफलीत ग्रेग लेकही काही काळ त्याच वाद्यवृंदातून गायला. 'ब्लॅक मून'मधील 'अफेअर्स ऑफ द हार्ट' हे गीत लेकने 'एशिया'च्याच जेफ डाउन्ससह रचले. धागा सरळ जुळतो. हे ज्या लोकप्रिय ध्वनीकडे वळले, तो १९८२ चा होता. आणि जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या यादीत 'निर्वाणा'ची 'नेव्हरमाइंड' शिखरावर होती. यांनी तडजोड केली ती संपलेल्या राजवटीशी. पानिपतानंतर दिल्लीच्या बादशहाकडून सनद मिळवण्यासारखेच हे.

म्हणूनच 'येस'ची '९०१२५' (१९८३) याच तराजूत तोलू नये. तीही सोपी झाली होती. पण आपल्या काळाशी बोलत होती. 'किंग क्रिम्सन'ने तर १९८१ च्या 'डिसिप्लिन'मध्ये नवे सारे पचवले आणि वर स्वतःचा विक्षिप्तपणाही राखला. पुनरागमन असे असावे.

आता मुंबईकडे या. १९८४ चे 'रॉक मशीन' १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाले. इतर मंडळी परकी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत असताना उदय बेनेगल, महेश टिनईकर आणि त्यांचे सहकारी स्वतःची गाणी रचत होते. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांवरून एमटीव्ही घरोघरी आले आणि यांना पडदा मिळाला. पुढे त्याच पडद्यावर अलिशा, दलेर मेहंदी, लकी अली आले; इंग्रजी रॉकची जागा आक्रसली. १९९७ मध्ये वाद्यवृंद थांबला. २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' प्रसिद्ध झाली. गंमत पाहा : सोप्या, ठसकेबाज रॉकपासून निघालेली ही मंडळी परतताना अधिक गुंतागुंतीच्या, प्रोग्रेसिव्हकडे झुकणाऱ्या रचना घेऊन आली. प्रवास नेमका उलटा.

माझे मत असे : भारतात इंग्रजी रॉकला परतण्याजोगा मुख्य प्रवाहच उरला नव्हता, म्हणून ही मोकळीक मिळाली. ज्यांच्यासाठी दरवाजा किलकिला होता, ते वाकून आत शिरू पाहत होते.

रावेरला बसून या तबकड्यांचा न्याय का करावा, असे कोणी विचारील. आमच्या खानदेशात लग्नाची पारंपरिक गाणी डीजेच्या ठोक्यावर चढली, की हाच वाद पारावर रंगतो. शब्द तेवढे निराळे असतात. तेथेही 'विकले गेले' म्हणण्यापूर्वी तो ठोका कोणत्या सालचा, हे पाहायला हवे.

पुढचे थोडक्यात. १९९४ ची 'इन द हॉट सीट' याहून फिकी निघाली; एमर्सनच्या हाताचे दुखणे तोवर बळावले होते. एमर्सन आणि लेक दोघेही २०१६ मध्ये गेले. 'चेंजिंग स्टेट्स' मात्र अवश्य ऐका, तेही 'टार्कस' ऐकून झाल्यावर.