मालवाहू विमानातील दुसरी खुर्ची

करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये दुपारी बांधलेले मोबाइलच्या सुट्या भागांचे खोके दुसऱ्या दिवशी नांदेड किंवा जळगावच्या दुकानदाराच्या हाती पडावे, अशी आज अपेक्षा असते. मोठी मालवाहू विमाने महानगरांपाशी थांबतात आणि पुढचा टप्पा ट्रकच्या चाकांवर पार पडतो. तो टप्पा टन-दीड टन माल नेणाऱ्या छोट्या टर्बोप्रॉप विमानांनी जोडावा, ही कल्पना म्हणूनच पुन्हा पुन्हा मांडली जाते. तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे: प्रवासी नसलेल्या अशा विमानात वैमानिक एक असावा की दोन?

एका वैमानिकाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद क्षुल्लक नाही. सेसना कॅराव्हॅनसारखे विमान एका वैमानिकाने उडवण्यासाठीच प्रमाणित झाले आहे. अमेरिकेत फेडएक्सची पार्सले गावोगावी पोहोचवणारी ही विमाने सुमारे चार दशके एकच वैमानिक उडवत आला आहे. दीड टन मालाच्या विमानात दुसरा माणूस आणि त्याचे सामान म्हणजे शंभर किलो माल कमी. शिवाय पगार, प्रशिक्षण आणि मुक्कामाचा खर्च वेगळाच. या धंद्यात नफा किती थोडका असतो, हे आपण पाहिले आहे. नागपूर केंद्र धरून २००९ मध्ये सुरू झालेली डेक्कन ३६० ही मालवाहतूक सेवा दोनच वर्षांत थंडावली.

आपल्या नागरी विमानवाहतुकीचा आरंभही एकट्या वैमानिकानेच झाला, हे इतिहासाचा विद्यार्थी विसरू शकत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे बेल्लारी व मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. पण ते उड्डाण दिवसाउजेडी, जमिनीवरच्या खुणा पाहत झाले होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. त्या डकोटा विमानांच्या कॉकपिटमध्ये एकटा माणूस नव्हता. काळोखाने आणि वेळापत्रकाने कामाचे स्वरूपच बदलले होते. आजच्या पार्सलसेवेचे स्वरूप टाटांच्या त्या उड्डाणासारखे नाही. ते नागपूरच्या मध्यरात्रीसारखे आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनीही हा भेद ओळखला आहे. रात्री किंवा केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करताना एकच वैमानिक हवा असेल, तर राष्ट्राची खास मान्यता लागते. विमान पंख्याचे, ५,७०० किलोंपेक्षा जड नसलेले आणि जास्तीत जास्त नऊ आसनांचे असावे लागते. त्यात उंची व दिशा सांभाळणारा चालू स्थितीतला ऑटोपायलट असणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात सहकारी सोबत असलेल्या वैमानिकाला वयाची मर्यादा ६५ आहे; एकट्याला ६०. अमेरिकेतही छोट्या भाडोत्री सेवेत उपकरणांच्या आधारे उड्डाण करणाऱ्या कप्तानाच्या गाठी किमान १,२०० तास असावे लागतात, त्यांपैकी १०० रात्रीचे. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो. अमेरिकेचे उदाहरण देताना तिचा एक वैमानिक तेवढा उचलायचा आणि त्याचे १,२०० तास मागे ठेवायचे, ही अर्धी नक्कल झाली.

दुसरी खुर्ची भरली की काम झाले, असेही नाही. दिल्लीच्या परिसरातील दोन दुर्घटना त्याची साक्ष देतात. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून रुग्णाला आणणारे एका इंजिनाचे पिलाटस विमान फरिदाबादच्या वस्तीत कोसळले. विमानातील सात आणि जमिनीवरील तीन जणांचा बळी गेला. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे किंग एअर रांचीला निघाले आणि उड्डाणानंतर लगेच द्वारकेजवळ कोसळून दहा जण मृत्युमुखी पडले. धुक्यात पुरेशी उंची गाठण्याआधीच, दिशेची निवड न करता ऑटोपायलट लावला गेला आणि वाढता कल वेळीच सावरला गेला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दोन्ही विमानांत दोन वैमानिक होते. एकाने चालवायचे, दुसऱ्याने पाहायचे आणि बिनदिक्कत टोकायचे, ही शिस्त अंगी नसेल तर दुसरा वैमानिक शोभेपुरता उरतो. मात्र जे चार डोळ्यांना दिसले नाही ते दोन डोळ्यांना दिसेल, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

‘माल तर आहे, माणसे कुठे?’ हा प्रश्नही फसवा आहे. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरला चाचणी उड्डाणावरील किंग एअर पडले, तेव्हा त्यात तिकीट काढलेला एकही प्रवासी नव्हता. तरीही विमानातील चौघांबरोबर रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. विमानात काय भरले आहे याने खालच्या वस्तीचा धोका बदलत नाही.

भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १९३४ च्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याखालील नियम घडवताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाच्या आकारापेक्षा उड्डाणाच्या परिस्थितीला महत्त्व द्यावे. दिवसा, स्वच्छ हवेत, विरळ वस्तीवरून, अनुभवी वैमानिकाला एकट्याने माल नेऊ द्यायला हरकत नाही. रात्री, ढगांत, पावसाळ्यात आणि महानगरांच्या विमानतळांवर मात्र दोघे अनिवार्य असावेत. दुसऱ्याचे त्याच प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण झालेले असावे आणि त्याची कर्तव्ये लेखी ठरलेली असावीत. ऑटोपायलट नादुरुस्त असेल, तर एकट्याचे उड्डाण रद्द व्हावे.

खर्चाचे उत्तरही याच खुर्चीत आहे. देशात तुटवडा आहे तो अनुभवी कप्तानांचा. परवाना खिशात घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण पुष्कळ आहेत, आणि अनेकांच्या घरांनी त्यासाठी कर्ज काढले आहे. छोट्या मालवाहू विमानातील उजवी खुर्ची ही त्यांची उमेदवारीची जागा ठरू शकते. तिथे मिळालेले तास उद्या मोठ्या विमानांचे कप्तान घडवतील. हा लाभ साऱ्या विमानसेवांना मिळणार असल्याने त्याचा भार एकट्या छोट्या उद्योजकावर टाकणे न्याय्य नाही. उडान योजनेत शासन तोट्याच्या मार्गांना अर्थसाहाय्य देतेच. त्याच तत्त्वाने दुसऱ्या वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा काही वाटा उचलावा. पार्सल एक दिवस उशिरा पोहोचले तर दुकानदार कुरकुरेल. पण वस्तीवर कोसळलेले विमान किती महाग पडते, हे फरिदाबादच्या त्या वस्तीला ठाऊक आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)