जखमेचे मोजमाप

बांधाचा वाद असो वा नळावरचे भांडण, प्रकरण हातघाईवर आले की दोन्ही पक्ष पोलीस ठाण्याकडे धाव घेतात. तेथे एकाच्या तक्रारीची ‘अदखलपात्र’ म्हणून नोंद होऊन त्याची बोळवण होते, तर दुसऱ्याच्या तक्रारीवरून तपास सुरू होतो. पाहणाऱ्यास यात वशिला दिसतो. तो कधी असतोही; परंतु पुष्कळदा हा भेद कायद्यानेच केलेला असतो आणि सामान्य माणसास त्याची गंधवार्ता नसते.

१ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, पायऱ्या बहुतांशी त्याच राहिल्या. सर्वांत खालची पायरी हमल्याची. तेथे अंगास बोटही लागावे लागत नाही. आता हा मारणार, अशी धास्ती वाटेल असा आविर्भाव पुरतो. निव्वळ शब्द मात्र पुरत नाहीत. शारीरिक वेदना, रोग वा दुर्बलता आणणे ही ‘दुखापत’. तिला कलम ११५ अन्वये १ वर्षापर्यंत कैद वा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही.

दृष्टी कायमची जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड मोडणे वा दात निखळणे, असे ८ प्रकार कलम ११६ ने ‘जबर दुखापत’ म्हणून वेगळे काढले आहेत. तिची शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. हाती सुरा वा तत्सम घातक हत्यार असेल, तर साध्या दुखापतीसही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जबर दुखापतीस जन्मठेपेपर्यंत. खुनाच्या प्रयत्नात मात्र जखमेच्या खोलीपेक्षा हेतूला महत्त्व आहे.

या सोपानात एक पायरी निसरडी आहे. जखमी माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा नित्याचे व्यवहार करण्यास असमर्थ असेल, तर ती दुखापत जबर ठरते. पूर्वी ही मुदत २० दिवसांची होती. ती कमी झाली हे योग्यच झाले. परंतु पगारी रजा असलेला नोकरदार १५ दिवस अंथरुणावर पडून राहू शकतो. रोजंदारीवरील मजुराची चूल पाचव्या दिवशीच त्याला कामावर ओढून नेते. मग तोच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरावा काय? वेदना हा कायद्याने दिलेला स्वतंत्र निकष आहे. तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने जखमेची लांबी-रुंदी लिहून थांबू नये. रुग्णास पुन्हा बोलावून वेदनेचीही नोंद ठेवावी. न्यायालयापुढे पुढे उभा राहतो तो हा कागदच.

अदखलपात्र नोंद करणाऱ्या अंमलदारानेही तक्रारदारास दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग समजावून सांगितला पाहिजे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्रपतींच्या अधिकारांना जागा मिळते, तशी या चार पायऱ्यांनाही मिळावयास हवी. राष्ट्रपतींशी फारच थोड्यांचा संबंध येतो. ठाण्याची पायरी कोणासही चढावी लागू शकते.