१४५३ हे पुरेसे उत्तर नाही

नागपुरातल्या वर्गांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत एक प्रश्न वर्षानुवर्षे घोकला जातो: युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला का निघाले? उत्तरही ठरलेले. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून ते समुद्राकडे वळले. गुण मिळतात, विषय संपतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. ज्या घडामोडीतून पुढे गोवा, वसई आणि शेवटी आपले नागपूरही परक्या अंमलाखाली गेले, तिचे कारण एका ओळीत उरकणे परवडणारे नाही.

आधी तारखा पाहू. पोर्तुगालने मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउटा घेतले ते १४१५ मध्ये. बोजादोरच्या भूशिरापलीकडे त्यांचे जहाज गेले १४३४ मध्ये. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा बाजार पोर्तुगालमधल्या लागुश बंदरात भरला १४४४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे ही दौड सुरू झाली होती. शिवाय व्हेनिसला जाणारी मिरी मुख्यतः इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून जात असे आणि इजिप्त तुर्कांच्या हाती आला तो १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामा येऊन गेला होता आणि गोवाही पडला होता.

मार्ग खरोखर बंद होता का, याची साक्ष आपल्या चौलजवळच मिळते. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वाटेत व्होल्गाच्या मुखाशी त्याचा माल लुटला गेला होता, डोक्यावर कर्ज होते. इराण, होर्मुझ करत तो आला, तोही एक घोडा घेऊन. दख्खनमध्ये घोड्याला चांगला भाव येतो हे त्याला ठाऊक झाले होते. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावला आणि चार दिवसांत मुसलमान हो, मग घोडाही देतो आणि मोहराही, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून त्याचा धर्म वाचला आणि घोडाही परत मिळाला. हा माणूस परत गेला कसा? तुर्कांच्याच ताब्यात असलेल्या ट्रॅबझोनवरून. तिथे त्याची झडती झाली, त्रास झाला, तरी काळा समुद्र ओलांडून तो पुढे गेला. मार्ग महाग होता, जोखमीचा होता, पण बंद नव्हता.

तरीही १४५३ ला बाद करता येणार नाही. काळ्या समुद्रावरचा जिनोआचा व्यापार तुर्कांमुळे आवळला गेला आणि तिथले भांडवल व खलाशी पोर्तुगाल-स्पेनकडे अधिकच वळले. कोलंबस जिनोआचाच. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाने दौड सुरू केली नाही, तिला वेग दिला.

मग मूळ रेटा कशाचा? धर्माचा, असे म्हणणाऱ्यांजवळ भक्कम पुरावा आहे. या मोहिमांमागचा पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री हा ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या लष्करी संघटनेचा प्रमुख होता. जिंकलेल्या भूमीवर हक्क सांगण्याची आणि तिथल्या लोकांना गुलाम करण्याची परवानगी पोपने १४५५ मध्ये पोर्तुगालला दिली. पूर्वेकडे कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा आहे आणि तो मुसलमानांविरुद्ध साथ देईल, ही आशा त्यांना मनापासून होती. हा केवळ मुखवटा होता असे मला वाटत नाही. पण पैशाची बाजू त्याहून जड आहे. पोर्तुगाल लहान देश, लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, धान्याची चणचण. पश्चिम आफ्रिकेचे सोने सहाराच्या तांड्यांमार्फत येई, ते थेट मिळवायचे होते. १४८२ मध्ये एल्मिनाला किल्ला बांधला तो सोन्यासाठीच. जहाजे, होकायंत्र, शिडांचे ज्ञान ही साधने झाली, कारण नव्हे. चीनच्या झेंग हे या दर्यावर्द्याकडे कितीतरी मोठा ताफा होता, तरी १४३३ नंतर चीनच्या दरबाराने त्या सफरी थांबवल्या. युरोपात एका राजाने नाही म्हटले की दुसरा होता: कोलंबसला पोर्तुगालने परत पाठवले, स्पेनने जहाजे दिली. लहान राज्यांची ही चुरस मला निर्णायक वाटते.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १४९८ च्या मे महिन्यात गामा कालिकतला पोहोचला आणि तिथल्या राजासाठी, सामुरीसाठी, त्याने नजराणा काढला: कापडाचे काही तागे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. दरबारचे लोक हसले. मक्केहून येणारा गरीब व्यापारीही याहून बरे आणतो, असे त्यांनी सुनावले. मिरीच्या बदल्यात देण्याजोगे युरोपकडे फारसे काही नव्हते. निकितिनलाही आपल्या देशात खपेल असा माल इथे फारसा दिसला नाही. तो हात हलवत परत गेला. पोर्तुगीजांच्या पाठीशी मात्र राजा होता आणि जहाजावर तोफा. पुढे त्यांनी परवाने विकून समुद्रावरच जकात बसवली.

२५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. त्याच मोहिमेत तिमय्यासारखा हिंदू सरदार त्याच्या बाजूला होता. धर्मयुद्धाचा द्वेष पहिल्या दिवसापासून होता हे त्या कत्तलीवरून मान्य करावे लागते. पण देवळे पाडण्याची मोहीम १५४० च्या सुमाराची आणि इन्क्विझिशन १५६० चे. त्याआधी अरबी घोड्यांचा व्यापार गोव्यात ओढून घेण्याची घाई होती.

नागपूरला हा व्यापाराचा हिशेब साडेतीनशे वर्षांनी, पोर्तुगीजांमागून आलेल्या इंग्रजांच्या हातून भोगावा लागला. डिसेंबर १८५३ मध्ये इथले राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, भोसल्यांचे जडजवाहीर लिलावात गेले. बोलायला वारसाहक्काचा कायदा होता, पण गव्हर्नर-जनरल डलहौसीने या प्रदेशातल्या कापसाचे इंग्लंडला असलेले मोलही लिहून ठेवले आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली आणि तो कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे: ‘१४५३ मुळे काय झाले’ असे विचारू नका. १४१५, १४५३, १४९८ आणि १५१७ या चार तारखा समोर ठेवा, कोणते कारण किती वजनाचे ते मुलांना ठरवू द्या, आणि आमच्यापेक्षा वेगळा निष्कर्ष कारणांसह मांडणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या.